दोन्ही बाऱ्यांचा धनी

डोंगरातल्या आमच्या तामालुक्त गावात बदाम फुलला की एक पुरुष कासाब्लांकाला निघायचा आणि बदाम झोडपून झाला की तो परत यायचा, दुसरा निघायचा. घरोघरी हीच रीत. दुकान एक, भाऊ दोन. सहा महिने एकानं गल्ल्यावर बसायचं, साबण-साखर-चहा विकायचा, माळ्यावर झोपायचं. सहा महिने दुसऱ्यानं इथं दरीत नांगर धरायचा, भिंती सावरायच्या, पोरं वाढवायची. याला आम्ही बारी म्हणतो. बारी कुणी चुकवत नसे. आजारी माणूससुद्धा खोकत खोकत बसमध्ये चढायचा.

आमचं दुकान माझ्या बापानं आणि चुलत्यानं मिळून टाकलं होतं. बापामागं ते माझ्या थोरल्या भावाकडं, मूलूददादाकडं आलं आणि चुलत्यामागं हमूकडं. हमू म्हणजे माझा चुलतभाऊ आणि नवराही. लहानपणी त्यानं माझी वेणी ओढली होती, पुढं लग्न करून मी त्याचा पुरता वचपा काढला. तर सहा महिने नवरा घरात आणि भाऊ शहरात, सहा महिने भाऊ गावात आणि नवरा शहरात. मला विचाराल तर संसाराला याहून चांगली पद्धत नाही. नवऱ्याचा कंटाळा येईपर्यंत तो जायचा आणि आठवण टोचायला लागेपर्यंत परत यायचा.

दोघांचे स्वभाव म्हणजे एकाच झाडाचे कडू आणि गोड बदाम. हमू बोलायचा नाही. दादा थांबायचा नाही. बोलणाऱ्याची बोरं विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत, तसं दोघांच्या बारीत दुकानाचं चालायचं. दादाच्या बारीत गिऱ्हाईक दुपटीनं यायचं. हमूच्या बारीत नेहमीचीच माणसं यायची, पण त्यांच्या पोरांची नावं, म्हाताऱ्यांची दुखणी, कुणाला पुदिना जास्त लागतो, हे सगळं त्याला पाठ असायचं.

पण दादाची खरी कमाई दुकानात नव्हती, खळ्यावर होती. मळणी झाली, लग्न निघालं, पीर साहेबांचा उरूस आला की दिवस कलल्यावर आमच्याकडं अहवाश व्हायचा. पुरुष खांद्याला खांदा लावून रांगेत, समोर आम्ही बायका, मधे डफवाले. डफ आधी जाळावर शेकायचे, कातडं ताणलं की घुमायला लागायचे. मग एकजण कवन टाकायचा, बहुधा कुणाला तरी टोचणारं. ते चांगलं असेल तर अख्खी रांग उचलून धरायची, पुन्हा पुन्हा म्हणायची. रांगेनं उचललं नाही तर ते तिथंच मेलं, आणि टाकणाऱ्याला वर्षभर लाज. ज्याला टोचलं त्यानं तिथल्या तिथं उत्तर द्यायचं. भांडण करायचं नाही, रुसायचं नाही. खळ्यावर बोललेलं खळ्यावर राहायचं, पण खरं असलं तर जन्मभर राहायचं.

दादाचा जोडीदार म्हणजे अबेल्ला खाटीक. हा कधी दरीबाहेर गेला नाही. शहरात गेलेल्यांवर त्याचा दात. दादा बारी संपवून आला की अबेल्ला डफ शेकायच्या आधीपासून घसा खाकरत बसायचा. एका वर्षीचं मला अजून तोंडपाठ आहे. अबेल्लानं टाकलं,

"वाणी आमचा गोरा झाला साखर-चहा तोलून,
नांगर धरता फोड आले, दाखव मूठ खोलून."

रांगेनं असं उचललं की डोंगर घुमला. दादानं खरंच मूठ उघडून सगळ्यांना फोड दाखवले, आणि डफाचा ठोका चुकायच्या आत म्हणाला,

"फोड फुटतील, हात राहील, हात तर घरचा आहे;
तुझ्या गाढवाचा कान कुठं रे? हंडीत शिजत का राहे?"

अबेल्लाच्या गाढवाला एकच कान होता आणि अबेल्ला खाटीक. बायका पोट धरून खाली बसल्या. माझी आई, नुकती रडून आलेली, बापाला जाऊन वर्ष व्हायचं होतं, तीसुद्धा पदराआड हसली. अबेल्ला स्वतः इतका हसला की त्याला पुढचं कवन सुचेना. त्या दिवशी दादा पंचवीस-सव्वीस वर्षांचा असेल. रांगेच्या मधोमध उभा, घामानं पायघोळ जेलाबा अंगाला चिकटलेला. असा देखणा पुरुष मी पुन्हा पाहिला नाही, आणि हे मी नवरा असताना म्हणते आहे.

कवनं तो दुकानात जुळवायचा. सुळक्यासारखी साखरेची ढेप कागदात गुंडाळता गुंडाळता पुटपुटायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "मूलूद, जप करतोयस का?" तो म्हणायचा, "नाही, एका खाटकाला सोलतोय."

तर हे सगळं होतं, आणि मग दुकान वाढलं.

शेजारचा म्हातारा दुकानदार आपला गाळा सोडून गेला. दादानं तो घेतला. मग तेलाच्या एका कंपनीचा घाऊक माल मिळाला. त्या वर्षी बदाम झोडपून झाले, हमूनं गाठोडं बांधलं, मी वाटेसाठी अमलू केलं, म्हणजे बदाम, अरगानच्या बियांचं तेल आणि मध वाटून केलेलं लोणी. दादा बसनं येणार आणि हमू त्याच बसनं जाणार. दादा आला. हमूच्या गाठोड्याकडं बघून म्हणाला,

"हमू, या खेपेला तू थांब."

"का? काय झालं?"

"झालं काही नाही. तेलाचा व्यवहार नवा आहे. माणसं मला ओळखतात. मधेच तोंड बदललं तर बिचकतील. मी चार दिवसांत परत जातो. तुझा वाटा घरपोच येईल. बायकोमुलांत राहा ना मजेत. लोक तरसतात असल्या सुखाला."

"आणि माझी बारी?"

"बारी कुठं पळून जाते? पुढच्या खेपेला घे."

 हमूनं गाठोडं सोडलं आणि अमलूची बरणी फळीवर ठेवली. पुढच्या खेपेला साबणाचा नवा व्यवहार होता. त्याच्या पुढच्या खेपेला गोदाम बांधायचं होतं. त्यानंतर कुणी कारण विचारलं नाही आणि दिलंही नाही.

खोटं कशाला बोलू, पैशात दादानं कधी खोट केली नाही. हमूचा वाटा बसच्या ड्रायव्हरबरोबर वेळेवर यायचा, वाढून यायचा. माझ्या विहिरीवर पंप दरीत सगळ्यांत आधी बसला. शेजारणी म्हणायच्या, "इज्जा, नशीब काढलंस. नवरा घरात आणि पैसा दारात." मी हसायची. त्यांना काय सांगणार? हमू उजाडायच्या आत उठून बसायचा. दुकानाची फळी उघडायची वेळ. उघडायला काही नाही, म्हणून माझ्या सैपाकघरात शिरायचा आणि डबे लावायचा. उंच मागं, बुटके पुढं, मीठ गल्ल्याजवळ. आमच्या घरात गल्ला कुठला? चुलीला तो गल्ला समजायचा. मला जिरं सापडायचं नाही. मी ओरडले की म्हणायचा, "जिरं जास्त खपतं, म्हणून हाताशी ठेवलंय."

गावात बारीचे दिवस आले की जाणारे पुरुष निरोप घेत फिरायचे. एखादा सहज विचारायचा, "हमू, तू कधी?" हमू म्हणायचा, "बघू." हे "बघू" त्यानं बावीस वर्षं म्हटलं.

आणि दादा? त्याचं काय झालं ते सांगायला मला जास्त वेळ लागेल, कारण ते एका दिवसात झालं नाही. लोक म्हणतात पैसा आला की माणूस बदलतो. मी म्हणते पैशानं दादाला हातसुद्धा लावला नाही. त्याला बदललं ते दोन्ही बाऱ्यांनी. सहा महिने शेठ आणि सहा महिने गडी, असा जो मनुष्य होता, त्यातला गडी उपाशी मेला. शेठ एकटा उरला. मग त्या शेठला वाटायला लागलं की आपण मुळातच शेठ.

आधी तो वर्षातून दोन महिने यायचा, मग एक, मग ऑगस्टातले पंधरा दिवस. गाडी आली, पुढं ड्रायव्हर आला. हज करून आला तेव्हा हाजी झाला. गावाच्या वरच्या अंगाला त्यानं तीन मजली घर बांधलं, हिरव्या कौलांचं, दिवाणखान्यात पुरुषभर उंचीचा आरसा. अकरा महिने ते घर बंद. किल्ली माझ्याकडं. मी आठवड्यातून एकदा झाडून यायची आणि त्या आरशात फक्त मीच दिसायची, केरसुणी घेऊन.

चालणं बदललं. हात पाठीमागं बांधून चालायला लागला. बोलणं सावकाश झालं, कारण मधे कुणी तोडायचं नाही हे त्याला सवयीचं झालं होतं. विनोद केला तर आधी भोवतालच्यांकडं बघायचा, ते हसले की मग हसायचा. आणि ते हसायचेच. नोकर हसले नाहीत तर जातील कुठं? तिथंच त्याची जीभ बोथटली. चाकूला दगड लागतो, नुसत्या लोण्यावर त्याला धार येत नाही. माणसाकडं बघायची नजरही फिरली. कुणी प्रेमानं मधाची बरणी आणून दिली की ती हातात धरून विचार करायचा, हा आता काय मागणार? एकदा मीच अमलू दिलं तर म्हणाला, "इज्जा, कुणाच्या पोराला नोकरी हवीय का?" मी ती बरणी त्याच्या हातातून परत घेतली. तेव्हा कुठं तो ओशाळला.

एका ऑगस्टात त्याचा धाकटा माझ्याकडं आला. "आत्या, खळ्यावर नाचायचं म्हणजे रिकामटेकड्यांचे धंदे, असं बाबा म्हणतात. ते कधी रांगेत उभे राहिले नाहीत, हे खरं?"

"कोण म्हणालं उभा राहिला नाही?"

"तेच म्हणाले. म्हणाले, मी लहानपणापासून गंभीर."

मी तांदूळ निवडत होते. हात थांबले. खोटं बोलणाऱ्यावर राग येतो, पण दादा खोटं बोलत नव्हता. त्याला तसं खरंच वाटत होतं. मी पोराला म्हणाले, "तुझा बाप गंभीर होता? अरे, त्यानं अबेल्लाच्या गाढवाचा कान शिजवला होता." पोराला काही कळलं नाही.

मग दादाच्या थोरलीचं, झाहराचं लग्न निघालं. दादानं ते गावात केलं, हे त्याचं चांगलंच. पण कसं केलं? अगादिरहून भाड्यानं वाजवणारे आणले, चकचकीत कपड्यांतले, कर्णे लावून गाणारे. आमच्या खळ्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या आणि मधे स्वतःसाठी सोनेरी मुठींची मोठी खुर्ची. शहरातले पाहुणे वाजवणाऱ्यांच्या कपाळावर नोटा चिकटवत होते, ते वाकून सलाम करत होते. भाड्याच्या माणसांना ते शोभतं. आम्ही कोपऱ्यात बसून बघत होतो.

वाजवणारे दमून चहाला बसले, तेव्हा अबेल्लानं काटक्याकुटक्या गोळा करून जाळ केला. कुणी सांगितलं नव्हतं. गावच्या पोरीचं लग्न, गावचा अहवाश झाल्याशिवाय कसं होईल? डफ शेकले. पुरुष एकेक करून उठले, रांग झाली. हमूही गेला, डफ घेऊन. आम्ही बायका समोर उभ्या राहिलो. मला आठवतंय, माझ्या छातीत धडधडत होतं, जणू माझंच लग्न. अबेल्लानं घसा खाकरला, दादाच्या खुर्चीकडं तोंड केलं आणि टाकलं,

"खुर्चीवरती कोण बसलंय? ओळखू येईना मला;
मूलूद नावाचा पोर आमचा, कुठं हो हरवला?"

रांगेनं उचललं. हळू उचललं, मऊ उचललं. टोचणी होती, पण माया किती होती, ते ऐकणाऱ्याला कळत होतं. उठ, मूलूद, असं म्हणायची ती अबेल्लाची तऱ्हा. डफ दबक्या ठोक्यावर आणून सगळे थांबले. मी मनात म्हणत होते, उठ दादा. काहीही म्हण. गाढवाचं म्हण, मांसाचं म्हण, त्याच्या टकलाचं म्हण.

दादा उठला. माझा जीव भांड्यात पडला. तो रांगेकडं चालत गेला, चेहऱ्यावर ते शेठचं हसू. जेलाब्याच्या खिशात हात घातला, नोट काढली आणि अबेल्लाच्या पागोट्यात खोचली. मग दुसरी काढून हमूच्या डफावर ठेवली. हमूच्या. स्वतःच्या चुलतभावाच्या.

डफ बंद झाले. शहरातल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, संपलं.

अबेल्लानं पागोट्यातली नोट काढली, नीट चौघडी केली आणि दादाच्या खुर्चीवर ठेवली. हमूची नोटही तिथंच ठेवली. आवाज अजिबात न चढवता म्हणाला, "अल्ला तुम्हाला बरकत देवो, हाजीसाहेब. तुमच्या पाहुण्यांचा चहा गार होतोय." लहानपणी एकत्र शेळ्या राखलेल्या माणसानं त्याला पहिल्यांदाच साहेब म्हटलं. रांग मोडली. ज्याचे त्याचे डफ घेऊन सगळे निघाले, कुणी पाय आपटले नाहीत, जेवायला थांबले, मुलीला आशीर्वाद दिले. पण आपल्याच माणसांना अहवाशची मजुरी मोजणारा मनुष्य तामालुक्तनं तेवढा एकच पाहिला.

त्यानंतर गावानं दादाचा मान ठेवायला सुरुवात केली. याहून कडक शिक्षा आमच्याकडं नाही. तो आला की लोक उठून उभे राहायचे. मशिदीत जागा द्यायचे. त्याच्या घराची, गाडीची, पोरांची स्तुती करायचे. त्याच्या समोर कुणी कुणाला शिवी देत नसे. हसणं चालू असेल तर थांबायचं. पाहुण्यापुढं वागतात तसं.

पहिली काही वर्षं दादाला हे आवडलं. मग आवडेनासं झालं, पण काय आवडत नाही ते सांगता येईना. ऑगस्टात मळणीच्या अहवाशला तो खुर्ची घरी ठेवून यायला लागला. खळ्याच्या कडेला उभा राहायचा. मग एका वर्षी रांगेच्या अगदी टोकाला, मिसरूड फुटलेल्या पोरांशेजारी उभा राहिला. पोरांनी अदबीनं एक हात अंतर सोडलं. रांगेत अंतर सोडतात का कुठं? टाळी त्याची मागं पडायची. अबेल्ला कवनं टाकत होता, याला टाकलं, त्याला टाकलं, नव्या जावयाला टाकलं, मुल्लाला टाकलं. दादाला नाही. पुढच्या वर्षी तसंच. त्याच्या पुढच्याही.

मी अबेल्लाकडं गेले. तो दुकानात कोकरू सोलत होता. म्हणाले, "अबेल्ला, एक टाक ना त्याला. काहीही टाक. सत्तरीला आलाय तो."

"कोणाला?"

"उगाच बहिरा होऊ नकोस."

त्यानं सुरी पुसली. "इज्जा, टोमणा आपल्या माणसाला मारतात. पैसे देणाऱ्याला माल देतात. तुला मांडी देऊ की बरगडी?" सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तो हा माणूस. मी बरगडी घेतली आणि आले.

त्याच आठवड्यात दुपारी दादा माझ्या सैपाकघरात आला. ड्रायव्हरला खालीच ठेवून एकटा आला होता. मी जात्यावर अरगान दळत होते. हमू शेतावर. दादा चुलीपाशी बसला, बराच वेळ हमूनं लावलेल्या डब्यांकडं बघत राहिला. उंच मागं, बुटके पुढं.

"हे दुकानासारखं कुणी लावलंय?"

"कोण लावणार? ज्याला दुकान मिळालं नाही तो."

 तो खाली बघत म्हणाला, "इज्जा, लोक माझ्याशी फार चांगलं वागतात."

एवढंच म्हणाला. पण लहानपणी विंचू चावला होता तेव्हासुद्धा त्याचा आवाज असा नव्हता. मला त्याचा राग यायला हवा होता, बावीस वर्षांचा साठवलेला होता माझ्याजवळ, आणि मला नुसता हुंदका आला. मी जातं जोरानं फिरवलं, म्हणजे ऐकू जाऊ नये.

"हमूशी बोललास कधी?" मी विचारलं.

"काय बोलू? त्याचा वाटा कधी चुकला का?"

"वाट्याचं कोण विचारतंय, दादा?"

"मग कशाचं?"

 त्याला माहीत होतं. माहीत असून घरात बोलता येत नाही अशा गोष्टींसाठीच तर वाडवडलांनी खळं बांधलं.

दोन दिवसांनी मळणीचा अहवाश होता. आमच्यात म्हाताऱ्या बाईला कवन टाकायचा हक्क असतो. मी तो कधी वापरला नव्हता, कारण घरातच माझी जीभ पुरेशी चालायची. त्या दिवशी अबेल्लानं आपली फेरी संपवली, टोकाला उभ्या दादाला ओलांडून नजर पुढं नेली आणि डफ दबले. मी बायकांच्या रांगेतून दोन पावलं पुढं आले. समोर मधोमध हमू डफ घेऊन उभा होता. तो माझ्याकडं असा बघायला लागला, जणू चुलीवर काही उतू चाललंय. मी दादाकडं तोंड केलं.

"दोन बैलांची एक गव्हाण, बारीबारीनं चारा;
दोन्ही बाऱ्या कुणी खाल्ल्या? नाव तेवढं सांग जरा."

बायकांनी उचललं. पुरुषांच्या रांगेनं नाही. रांगेतले निम्मे दुकानदार, आणि प्रत्येकाच्या घरात कुठं ना कुठं, थोडी का होईना, कुणाची तरी बारी गिळलेली. घरोघरी मातीच्याच चुली. त्यांनी नजरा खाली घातल्या. हमूनं डफ दबका ठेवला, ठोका सोडला नाही. दादा टोकाला उभा होता, पांढऱ्या जेलाब्यात, आणि माझ्याकडं बघत होता. त्याचा हात खिशाकडं गेला. मी म्हटलं, अल्ला, नको. हात तिथंच थांबला. मग बाहेर आला, रिकामा.

त्यानं तोंड उघडलं. आवाज फाटका निघाला.

"दोन्ही बाऱ्या मीच खाल्ल्या, खाऊन झालो जाड;
जुवात आता मान शिरेना, आणि..."

अडला. पूर्वी डफाचा ठोका त्याची वाट बघत नसे, तोच ठोक्याच्या पुढं असायचा. आता ठोका गेला, आणखी एक गेला. यमक सापडेना. ओठ हलत होते. शेवटी यमक सोडून, चाल सोडून, बाजारात बोलतात तसं सरळ म्हणाला, "आणि मला हमूच्या तोंडाकडं बघवत नाही."

पोरांना ते इतकं विचित्र वाटलं की एकजण फिसकन हसला. मग दुसरा. अबेल्ला मोठ्यानं ओरडला, "अरे मूलूद, दुसऱ्या ओळीचं चाक कुठं निखळलं? शहरात यमकं महाग झाली का रे?" आणि खळं हसलं. दादाला हसलं. इतक्या वर्षांनी त्याला कुणी हसलं. तो मान खाली घालून उभा राहिला, कानशिलं लाल, आणि पळाला नाही.

पण हसणं वेगळं आणि कवन उचलणं वेगळं. मोडकं कवन रांग उचलत नाही, हे लहान पोरालाही ठाऊक. हसणं ओसरलं. डफ दबके वाजत राहिले. दादानं तोंडानं जे कबूल केलं होतं ते कुणी उचललं नाही तर तिथंच मरणार होतं, धुळीत. सगळे अबेल्लाकडं बघत होते. अबेल्लानं हमूकडं बघितलं.

माझा नवरा जन्मात कधी खळ्यावर पहिला सूर लावणारा नव्हता. चारचौघांनी धरलं की मग हळूच मिसळायचा. त्यानं डफ छातीपर्यंत वर घेतला, पुरा ठोका दिला आणि एकट्यानं, भसाड्या आवाजात उचललं, "दोन्ही बाऱ्या मीच खाल्ल्या, खाऊन झालो जाड." एकदा. दुसऱ्यांदाही एकट्यानंच. तिसऱ्यांदा अबेल्ला आला, मग शेजारचे आले, मग ते दुकानदार, एकेक करून, आधी पुटपुटत, मग घसा मोकळा सोडून, मीच खाल्ल्या, मीच खाल्ल्या. हमू गाता गाता रांगेतून सरकत टोकापर्यंत गेला, पोरांनी सोडलेल्या त्या रिकाम्या जागेत शिरला आणि दादाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला.